खेकडा इंजिन, कौलारू घर आणि ठोकळ्यांचं गणित
(किन्हवली येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

समोर टेबलावर झाकून काय ठेवलंय, असं मघापासून तीन-चार मुलांनी विचारलं. ते शेवटी उघडू. आधी काढलं तर बोलणं कोणी ऐकणार नाही, हा अनुभव आहे.

विषय खेळण्याचा आहे. प्लॅस्टिकचे ठोकळे, ज्यांना आपण सरसकट लेगो म्हणतो. पण दुकानातला डबा आणायचा, पुस्तिकेत दाखवलंय तसं जोडायचं आणि कपाटावर ठेवायचं, त्याबद्दल आज बोलायचं नाही. आपल्या डोळ्यांसमोरची इमारत किंवा गाडी आपणच मोजायची, ठोकळ्यांत बसवायची, आणि मुख्य म्हणजे तिचा आराखडा असा लिहून ठेवायचा की आपल्याला कधी न भेटलेला माणूस ती पुन्हा उभी करू शकेल. या शेवटच्या भागात आम्ही स्वतः चांगलीच ठेच खाल्ली आहे.

तसं पाहिलं तर मॉडेल करणं आपल्याला नवीन नाही. दिवाळीत प्रत्येक आळीत किल्ला होतो. माहुली इतक्या जवळ, त्यामुळे इथल्या पोरांच्या किल्ल्यांना तीन शिखरं असतातच: पळसगड, माहुली, भंडारगड. माती, विटांचे तुकडे, जुनी गोणपाटं, वर पेरलेलं अळीव किंवा मोहरी. मात्र किल्ला कसा केला हे कोणी लिहून ठेवत नाही. ठेवायची गरजही नाही, कारण पुढच्या वर्षी तो नव्यानेच करायचा असतो, त्यातच मजा आहे. ठोकळ्यांचा खेळ इथे वेगळा पडतो. त्याचा प्रत्येक तुकडा जगभर सारख्याच मापाचा असतो. म्हणून तो शब्दांत, आकड्यांत लिहिता येतो. मातीचं ढेकूळ लिहिता येत नाही.

हे माप आधी पाहू. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचे सुतार ओले कर्क क्रिस्तियान्सन यांनी १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. १९४९ मध्ये प्लॅस्टिकचे ठोकळे आले, ते हिलरी पेज या इंग्रज माणसाच्या ठोकळ्यांवरून घेतलेले होते. ते नीट धरून राहत नसत. आत पोकळ नळ्या असलेला ठोकळा २८ जानेवारी १९५८ ला पेटंटसाठी दाखल झाला आणि पकड आली. वरच्या गोल बटणाचा व्यास ४.८ मिलिमीटर, दोन बटणांच्या मध्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६, आणि पातळ प्लेटची उंची ३.२. म्हणजे तीन प्लेटा रचल्या की एक ठोकळा. दोन गुणिले चारचा ठोकळा ३२ मिलिमीटर लांब असायला हवा, पण प्रत्यक्षात ३१.८ असतो. बाजूचा ठोकळा घासू नये म्हणून ही फट सोडलेली असते. गवंडीसुद्धा विटेला सांधा सोडतोच ना, तसंच.

यातला एक आकडा वहीत लिहून घ्या. पाच प्लेटा एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर. दोन बटणांची रुंदीही १६ मिलिमीटर. म्हणजे पाच प्लेटांची चवड आडवी करून दोन बटणांच्या जागेत अगदी नेमकी बसते. ठोकळे फक्त खालून वर रचायचे नसतात, कुशीवर झोपवूनही बसवता येतात, हे एकदा कळलं की खिडकीचे गज, दाराची चौकट, डब्याची गोल कड सगळं जमायला लागतं. नवशिक्याचं मॉडेल आणि मुरलेल्याचं मॉडेल यांतला फरक बहुतेक वेळा एवढाच असतो.

आणि पर्याय किती? दोन गुणिले चारचे एकाच रंगाचे दोन ठोकळे २४ प्रकारे जोडता येतात. असे सहा ठोकळे घेतले तर ९१,५१,०३,७६५ प्रकार. हा आकडा कोपनहेगन विद्यापीठातले गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकावर काढला. कंपनी आधी सांगायची तो आकडा बराच लहान होता, कारण त्यात फक्त सहा मजली उंच मनोरेच मोजले होते.

आता घराकडे येऊ. आपल्याकडचं जुनं घर म्हणजे उतरतं छप्पर, मंगलोरी कौलं, पुढे ओटी. इथला पाऊस बघता छप्पर उतरतं नसेल तर चालणारच नाही. ठोकळ्यांत तयार तिरके तुकडे मिळतात, ४५ अंशांचे आणि ३३ अंशांचे. त्यांनी छप्पर होतं, पण ते पायऱ्या-पायऱ्यांचं आणि जाड दिसतं. आम्ही दुसरा मार्ग घेतला: प्लेटांचा सपाट पत्रा करायचा आणि तो बिजागरीवर तिरका टेकवायचा. अडचण अशी की तिरका पत्रा कुठल्या तरी पूर्ण बटणावर येऊन टेकला पाहिजे, अर्ध्यावर लोंबकळून चालत नाही.

इथे शाळेतलं पायथागोरस कामाला येतं. ३, ४, ५ चा त्रिकोण सगळ्यांना माहीत आहे. पण ठोकळ्यांत उभं माप आणि आडवं माप वेगवेगळं, त्यामुळे ३ बटणं उंची म्हणजे २४ मिलिमीटर, ती प्लेटांच्या पूर्ण संख्येत येत नाही. साडेसात प्लेटा होतात. दुप्पट करा: ६, ८, १०. सहा बटणं म्हणजे ४८ मिलिमीटर, म्हणजे बरोबर पाच ठोकळे! तर आडवी ८ बटणं, उभे ५ ठोकळे, आणि तिरका पत्रा १० बटणांचा. उतार येतो सुमारे ३७ अंश, कौलारू घराला शोभेल असा. बिजागरीच्या जाडीमुळे थोडं इकडेतिकडे होतं, ते पन्हळीच्या मागे लपतं. हे उत्तर सापडायला आम्हाला एक अख्खा रविवार लागला. तुम्हाला दोन मिनिटांत मिळालं, वाटून घेण्याचा फायदा हाच.

गाडीचं गणित मात्र एवढं प्रेमळ नाही.

आपल्या तालुक्यात गाडी कधी आली? बोरीबंदर ते ठाणे १६ एप्रिल १८५३. वासिंदला १८५५ मध्ये, कसाऱ्याला १८६१ मध्ये. आणि घाट चढून इगतपुरीला पोचायला १८६५ उजाडलं. कसारा घाटात चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आजही तिथे गाडीला जादा इंजिनं लावावी लागतात. आसनगावला उभं राहून लोकल बघितलेली नाही असा इथे कोणी नसेल. (मुरबाडची मंडळी हसतायत. तुमच्याकडे गाडी अजून यायची आहे, ठोकळ्यांत तरी आणू.)

लेगोच्या रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर ३७.५ मिलिमीटर. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. भागाकार करा, ४४.७ येतो. म्हणजे रूळ खरे धरले तर आपलं मॉडेल १ला ४४.७ या प्रमाणात हवं. युरोपात रूळ १४३५चे, त्यांचं प्रमाण १ला ३८ च्या आसपास येतं. म्हणून परदेशी आराखडा उचलून त्यावर आपला रंग चढवला की गाडी कुठेतरी खटकते. रूळ आपले राहत नाहीत. आपल्या प्रमाणात ठोकळ्यांतलं चार सेंटिमीटरचं माणूस मोजलं तर १७९ सेंटिमीटर, म्हणजे चांगलं पावणेसहा फुटांवर. खांद्यांत मात्र तो ७० सेंटिमीटर भरतो. लोकलमध्ये चौथी सीट त्याला मिळणार नाही.

मुंबईची लोकल ३६५८ मिलिमीटर, म्हणजे १२ फूट रुंद. आपल्या प्रमाणात ती ८२ मिलिमीटर, १० बटणांची होते. डब्यातून मिळणाऱ्या गाड्या बहुधा ६ बटणं रुंद असतात. ६ बटणांत लोकल केली तर खऱ्या जगात ती सव्वादोन मीटरही भरत नाही. शिवाय डबा सुमारे २० मीटर लांब, म्हणजे ४४७ मिलिमीटर, ५६ बटणं. आता हा डबा वळणावर घाला. लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या ४० बटणं, ३२० मिलिमीटर. डब्याखाली चाकांच्या दोन बोग्या असतात, त्यांच्या मध्यांतलं अंतर खऱ्या डब्यात साधारण साडेचौदा मीटर, मॉडेलमध्ये ३२४ मिलिमीटर. फळ्यावर बघा: दोन्ही बोग्या वळणावर, आणि डबा त्यांच्यामध्ये सरळ काठीसारखा. ३२० चा वर्ग, वजा १६२ चा वर्ग, वर्गमूळ २७६. म्हणजे डब्याचा मध्य रुळांच्या मध्यापासून ४४ मिलिमीटर आत सरकतो. रुळाची अर्धी रुंदी १९. डबा रुळावर राहिलाच नाही, शेजारच्या फलाटावर गेला.

खऱ्या ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळण १० अंशांचं, त्रिज्या १७५ मीटर. प्रमाणात ती ३.९ मीटर होते. पूर्ण गोल करायचा तर सुमारे आठ मीटर रुंद खोली लागेल. घरातले लोक घराबाहेर.

मग करायचं काय? बहुतेक जण डबा आखूड करतात. २८ बटणांचा डबा, बोग्यांमध्ये १८ बटणं, की आत सरकणं ८ मिलिमीटरवर येतं. खिडक्या आणि दारं मोजून कमी करायची, पण क्रम तोच ठेवायचा. ही तडजोड आहे आणि ती प्रामाणिकपणे आराखड्यावर लिहावी. आमच्या मते लांबीत तडजोड चालते, रुंदीत चालत नाही, कारण लोकलची ओळखच तिच्या ऐसपैस पोटात आहे. दुसरे मॉडेलवाले उलट म्हणतात. वाद चालू आहे.

पुण्यात कर्वे रस्त्याजवळ भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे, ते जमलं तर बघून या. तिथलं काम १ला ८७ प्रमाणातलं, ठोकळ्यांचं नाही. पण वळण, चढ आणि सिग्नल यांचं भान काय असतं ते तिथे कळतं.

आता आमच्या मुख्य मॉडेलकडे. कसारा घाटात आणि कल्याणच्या शेडमध्ये एकेकाळी एक इंजिन होतं, डब्ल्यूसीजी-१. १९२८ पासून आलेली ४१ इंजिनं, मूळ रचना स्वित्झर्लंडची, १५०० व्होल्ट डीसीवर चालणारी, मालगाड्या ओढायला आणि घाट चढवायला. चालवणारे त्याला ‘खेकडा’ म्हणत. मध्ये उंच केबिन, पुढे-मागे दोन लांब नाकं. गंमत अशी की इंजिनाचा सांगाडा एकसंध नाही, तीन भागांत मोडलेला आहे. वळणावर दोन्ही नाकं आपापल्या चाकांबरोबर वळतात. म्हणजे जी अडचण आपल्याला ठोकळ्यांत येते, तीच खऱ्या घाटासाठी अभियंत्यांना आली होती, आणि त्यांनी सोडवलीही होती. याचीच स्विस भावकी म्हणजे ‘मगर’ इंजिन. त्या मगरीचा १२७१ तुकड्यांचा संच लेगोने २०२० मध्ये काढला. ताजमहालाचा ५९२२ तुकड्यांचा संच २००८ मध्ये निघाला होता. मगर निघाली, ताज निघाला. आपल्या घाटातला खेकडा मात्र आपणच काढायचा.

आमचा पहिला खेकडा आम्ही फोटो बघून, मनानेच जोडला. ८ बटणं रुंद, रंग असतील ते. एका कार्यक्रमात तो मांडला. तिथे एक निवृत्त काका आले. त्यांनी तरुणपणी या इंजिनांवर काम केलं होतं. त्यांनी बोटाने चाक फिरवलं आणि म्हणाले, “हे इंजिन जागचं हलणार नाही.” आम्ही बघतच राहिलो. ते म्हणाले, “दोन्ही बाजूंचे दांडे एकाच वेळी खाली आलेत. डावा खाली तर उजवा मध्ये पाहिजे.”

बरोबर होतं. खेकड्याची चाकं बाहेरून दांड्यांनी जोडलेली असतात. दांडा चाकाच्या मध्यरेषेत आला की तो चाकाला नुसता ढकलतो, फिरवत नाही. म्हणून एका बाजूचा दांडा अशा अडलेल्या जागी असेल तेव्हा दुसऱ्या बाजूचा पुऱ्या जोरात असावा लागतो. दोन्ही बाजूंत ९० अंशांचा फरक. ठोकळ्यांतला आस अधिकच्या चिन्हासारखा असल्यामुळे हा फरक देणं अगदी सोपं, चाक एक घर फिरवून बसवायचं. आम्हाला सुचलंच नव्हतं. काकांनी नाकाच्या उतारातल्या आणि हातदांड्यांच्या जागेतल्याही चुका सांगितल्या. दुरुस्त करून आणतो म्हणालो.

परतताना एसटीत गर्दी होती. खोकं मांडीवर होतं. एका गतिरोधकावर ते खाली गेलं आणि खेकड्याच्या सातशे-आठशे तुकड्यांचा सडा पडला. निम्मे सीटखाली. कंडक्टरसुद्धा वेचायला लागला. तुकडे बहुतेक मिळाले. मिळाला नाही तो आराखडा, कारण तो नव्हताच. आमच्याकडे फक्त बाहेरून काढलेले चार फोटो होते. आत काय कशावर बसवलं होतं, ते ज्याने जोडलं त्यालाही आठवेना. दुसरा खेकडा उभा राहायला दोन पावसाळे गेले. तोवर काका गेले होते. त्यांना दाखवायचं राहिलं, आणि त्यांनी सांगितलेल्यातलं नाकाबद्दलचं एक वाक्य आम्ही लिहून न ठेवल्यामुळे आज आम्हाला नक्की आठवत नाही.

तेव्हापासून आमच्यात नियम झाला. आधी आराखडा, मग ठोकळे.

आराखडा लिहायची एक मोफत पद्धत आहे, एलड्रॉ. १९९५ मध्ये जेम्स जेसीमन नावाच्या ऑस्ट्रेलियन तरुणाने ती काढली. पद्धत इतकी साधी की वहीतही लिहिता येईल. एका ठोकळ्याची एक ओळ, ओळीत पंधरा गोष्टी. नमुना बघा: १ ४ ० ० ० १ ० ० ० १ ० ० ० १ ३००१ डॉट डॅट. पहिला १ म्हणजे ‘इथे तुकडा आहे’. ४ म्हणजे लाल रंग. पुढचे तीन आकडे जागा सांगतात. नंतरचे नऊ आकडे तुकडा कसा वळवलाय ते सांगतात. शेवटी तुकड्याचं नाव, ३००१ म्हणजे दोन गुणिले चारचा ठोकळा. मोजायचं एकक ०.४ मिलिमीटर: बटणाची रुंदी २०, ठोकळ्याची उंची २४, प्लेटची ८. फक्त एक विचित्र गोष्ट लक्षात ठेवा, वर जायचं म्हणजे उणे. दुसरा ठोकळा पहिल्यावर ठेवायचा तर उणे २४. पहिल्या दिवशी सगळ्यांची घरं जमिनीत उलटी जातात.

जेसीमन १९९७ मध्ये इन्फ्लुएन्झाने गेला, वय २६. पण त्याने पद्धत उघडी ठेवली होती, कुलूप घातलं नव्हतं. म्हणून इतरांनी ती पुढे नेली. तुकड्यांचा साठा आजही स्वयंसेवक वाढवतायत, आणि त्याच्या नावाने पुरस्कारही दिला जातो. याउलट कंपनीचा स्वतःचा डिजिटल डिझायनर नावाचा प्रोग्रॅम २००४ मध्ये आला आणि २०२२ मध्ये बंद झाला. आता कंपनी स्टुडिओ नावाचा प्रोग्रॅम वापरा म्हणते. स्टुडिओ चांगला आहे, आम्हीही वापरतो, पण काम झालं की एक प्रत एलड्रॉमध्ये काढून ठेवतो. कागदाचा दस्त जसा दोन ठिकाणी ठेवतात तसा.

संगणकावर एक मोह असतो. तिथे कुठलाही तुकडा कुठल्याही रंगात मिळतो, आणि हवेतही तरंगतो. आम्ही खेकड्याला एक सुंदर वक्र तुकडा हव्या त्या रंगात लावला. मग कळलं, त्या रंगात तो बाजारात कधी आलेलाच नाही. म्हणून आराखडा देण्याआधी तुकड्यांची यादी काढायची आणि प्रत्येक तुकडा त्या रंगात मिळतो का ते तपासायचं. नसेल तर पर्याय लिहायचा: ‘हा नसेल तर एक गुणिले दोनच्या दोन प्लेटा’. दिसत नाहीत अशा आतल्या तुकड्यांना वाटेल तो रंग चालेल, हेही लिहायचं. निम्मा खर्च तिथेच वाचतो.

पायऱ्या करताना एका पायरीत तीन ते पाच तुकडे, त्याहून जास्त नको. मग तो आराखडा ज्याने मॉडेल पाहिलेलं नाही अशाला द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. हे गप्प बसणं सर्वांत अवघड. आमचा खेकडा आठवीच्या दोन मुलींनी जोडला, तेव्हा त्या एकतिसाव्या पायरीला अडकल्या. तुकडा चित्रात दुसऱ्या तुकड्यामागे लपला होता. चूक आमची होती. तिथे मॉडेल फिरवून दाखवलेलं एक जादा चित्र घातलं.

आता खर्चाचं बोलू, कारण समोरचे पालक त्याचीच वाट बघतायत. मूळ कंपनीचे ठोकळे महाग आहेत, गोल बोलण्यात अर्थ नाही. पेटंटची मुदत कधीच संपली. सप्टेंबर २०१० मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानेही ठोकळ्याचा आकार हा ट्रेडमार्क होऊ शकत नाही, असं सांगितलं. त्यामुळे त्याच मापाचे इतरांचे ठोकळेही मिळतात. पकड कमी-जास्त असते, घेताना दहा ठोकळे जोडून-सोडवून बघा. आणि तेही नको असतील तर अरविंद गुप्तांची काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांची जोडणी आहेच. आयआयटीतून शिकून टेल्कोत काम केलेल्या माणसाने ती गावातल्या मुलांसाठी केली आणि पुस्तकं सगळ्यांना मोफत खुली ठेवली. कौलारू छपराचा ६-८-१० चा त्रिकोण काड्यांतही तसाच उभा राहतो. आम्ही करून पाहिलाय.

विकायचं की वाटायचं, हाही प्रश्न येतो. लेगोच्या आयडियाज योजनेत कल्पनेला १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला तर कंपनी विचार करते, आणि संच निघालाच तर रचनाकाराला निव्वळ विक्रीच्या १ टक्का मिळतो. कोणाला प्रयत्न करायचा असेल तर जरूर करावा. पण खेकड्यासाठी दहा हजार लोक कधी जमतात याची वाट बघत बसलो तर त्यावर काम केलेल्यांपैकी विचारायला कोणी उरणार नाही. आम्ही आमचा आराखडा मोफत देतो. अट एकच, बदल केलात तर काय बदललं ते लिहा, आणि ज्यांच्याकडून शिकलात त्यांचा उल्लेख ठेवा. आमच्या पहिल्या पानावर दांड्यांच्या ९० अंशांची दुरुस्ती काकांची म्हणून नोंदवली आहे.

तर आता टेबलावरचं कापड काढू. हा दुसरा खेकडा. हळू, एकेकाने या. चाक फिरवून बघा, डावा दांडा खाली गेला की उजवा मध्ये येतो. नाकाच्या उताराखाली तीन तुकडे पिवळे दिसतायत ना, ते मुद्दाम आहेत. तिथे काय होतं ते आम्हाला नक्की माहीत नाही. तुमच्या घरी, शेजारी कोणी कल्याणच्या शेडमध्ये किंवा घाटात या इंजिनावर काम केलेलं असेल, तर आज निघण्याआधी आम्हाला सांगा. आम्ही वही घेऊन त्यांच्या घरी येऊ.